लाइन बरोबर आहे

नंदनवन, नागपूर
रविवार, १६ फेब्रुवारी १९८६

प्रिय इंदुताईस,

पुष्पाचा नमस्कार. तू सांगितलं होतंस तसं पाकिटावर जिजाबाईंचं नाव घातलं आहे, आतल्या पाकिटावर तुझं. खालच्या क्वार्टरमधून वर यायला त्यांना जिना चढावा लागेल, त्यांना माझाही नमस्कार सांग.

इकडे ठीक आहे. बाबांना डॉक्टरांनी जिना अजून बंदच ठेवला आहे. दिवाळीपासून वरच्या खोलीत आहेत, आता त्यांना तिथलीच सवय झाली. कळमन्याहून तुरीचे भाव फोनवर कळले की चेहरा उजळतो. दादा पहाटेच यार्डात जातो, दिवे लागल्यावर येतो. आईचे गुडघे उन्हं वाढल्यापासून बरे आहेत.

ताई, आठ तारखेला, शनिवारी दुपारी तुझा फोन आला तेव्हा आवाज फार बारीक येत होता. तू बरंच काही बोललीस, पण मला ऐकू आलं नाही. मी तीन वेळा तसं म्हटलंही. मग तू फोन ठेवलास. काल पुन्हा शनिवार होता. मी एकपासून तीनपर्यंत मांडीवर तांदळाचं सूप घेऊन फोनपाशी बसले. तांदूळ दोनदा निवडून झाले. फोन आला नाही.

गेले तीन महिने हे असंच चाललं आहे. तुझा फोन आला की पहिलं 'हॅलो, पुष्पे' स्वच्छ ऐकू येतं. मग 'खट' होतं आणि तू एकदम लांब गेल्यासारखी वाटतेस, जणू विहिरीच्या तळातून बोलतेस. दादा म्हणतो, कोराडीच्या वीज केंद्राची राख तारांवर बसते, त्याचा परिणाम. आई म्हणते, इंदूचा आवाजच तसा, लहानपणापासून पोटातल्या पोटात. हे मात्र खोटं आहे. गावी तू मला पाढे शिकवायचीस तेव्हा एकोणीसचा पाढा तुझ्या आवाजात ओढ्यापर्यंत जायचा. शाळा लांब आणि मी आजारी, म्हणून तिसरीपर्यंत तूच माझी शाळा. पाटी तुझी, छडी तुझी. नागपूरला आल्यावर थेट चौथीत बसवलं तेव्हा बाईंनी विचारलं होतं, "हिला कोणी शिकवलं? ही प्रत्येक गणिताचा ताळा का करते?"

तर मी फोनचाही ताळा करायचं ठरवलं आहे. वही घातली आहे. फोन कोणाचा, किती वाजता, आवाज कसा. तूच सांगायचीस, उत्तर चुकलं की सगळं गणित पुसू नको, एक एक पायरी तपास. टेलिफोनवाल्यांकडे तक्रारही नोंदवली.

आणखी एक. मला भंडाऱ्याच्या मंडळींचा होकार आला. मनोहररावांनी स्वतः पत्र लिहिलं आहे, मुलाने खाली दोन ओळी. साखरपुडा होळीनंतर, तीस मार्चला म्हणतात. ते बघायला आले होते तेव्हा त्यांनी बाबांना विचारलं होतं, थोरली कशी आहे? बाबा म्हणाले, एकदम मजेत. जवाई इंजिनिअर, कोराडीले क्वार्टर.

त्या दिवशी जे बोललीस, ते दोन ओळींत लिहून पाठव. फोनवर कळलं नाही, म्हणून विचारते.

तुझी,
पुष्पा


नंदनवन, नागपूर
शनिवार, १ मार्च १९८६

प्रिय इंदुताईस,

नमस्कार. तुझं उत्तर नाही. पहिलं पत्र मिळालं हे जिजाबाईंकडून कळलं. ते कसं कळलं, ते पुढे लिहिते. क्रमाने लिहू दे, नाहीतर माझ्याकडून काहीतरी सुटेल.

वहीत चोवीस फोन झाले. कळमन्याचे अठरा, आवाज खणखणीत. महालातल्या मावशीचे चार, खणखणीत. दोन चुकून आलेले, तेही खणखणीत. म्हणजे यंत्र चांगलं. तरी मी रिसीव्हरची दोरी बदलून घेतली. भिंतीवरची डबी उघडून आतली धूळ काढली, तर आई ओरडली, "शॉक बसन वं! लग्न ठरलेली पोरगी हायस तू!"

मंगळवारी लाइनमन आला. रुपराव नाव. सायकलला शिडी, खांद्यावर तपासायचा फोन. आधी रस्त्यावरच्या खांबावर चढला, तिथून एक्स्चेंजशी बोलला. मग आपल्या भिंतीवरच्या डबीला त्याचा फोन लावून बोलला. मग मला म्हणाला,

"लाइन बरोबर हाय, बाई."

"पण आवाज येत नाही. कोराडीहून फोन आला की विहिरीतून आल्यासारखा येतो."

"बाकीचे फोन?"

"ते बरोबर येतात."

"मंग कोराडीची तार तुमच्यावर रुसली का?" तो हसला. मग त्याने डबीतून निघालेली दुसरी तार बोटाने धरली आणि ती जिन्याकडे जाते ते पाहिलं. "हे वर कुठी गेली?"

"वडिलांच्या खोलीत. तिथला फोन दिवाळीत घेतला. ते जिना उतरू शकत नाहीत."

"हां." त्याने डबीचं झाकण बसवलं. "पाहा बाई, एकाच तारीवर दोन फोन. एक उचलला तर आवाज पुरा. दोन्ही उचलले तर आवाज अर्धा होऊन जाते. एका भाकरीत दोघं जेवले तर कोणाचंच पोट भरत नाही, तसं हाय हे. कोराडीचा फोन आला का वर कोनी उचलून राहिलं काय, तेवढं पाहा." आणि शिडी उचलताना म्हणाला, "हे आमच्या खात्यात दुरुस्त नाही होत."

आईने त्याला चहा दिला. मी डबीकडे बघत उभी राहिले.

एवढ्यावर कोणावर आळ घ्यायचा नाही, हे मला कळत होतं. म्हणून एकच गोष्ट बदलून पाहिली. परवा, गुरुवारी, दादा बाबांना खुर्चीत बसवून डॉक्टरकडे घेऊन जाणार होता. मी आदल्या दिवशी जिजाबाईंना फोन करून सांगून ठेवलं, उद्या अकराला तुमच्याकडून आमच्याकडे फोन लावा, काहीही बोला, मला फक्त आवाज ऐकायचा आहे. त्या हो म्हणाल्या, माझं पत्र तुला पोचलं असंही म्हणाल्या आणि मग घाईने ठेवला. वर बाबा होते. तोही आवाज बारीकच आला होता.

गुरुवारी अकराला फोन वाजला. वरची खोली रिकामी. ताई, आवाज इतका स्वच्छ, की मागे कुकरची शिट्टी झाली ती मला ऐकू आली. खिडकीबाहेरून कोळशाचा ट्रक गेला तोसुद्धा.

जिजाबाई म्हणाल्या, "आता काहीही काय बोलू मी? खरंच सांगते. तुही बहीण अकरा तारखेले, मंगळवारी, बस स्टॉपवर उभी होती. दहापासून दोनपर्यंत. हातात थैली. चार बसा गेल्या, एकीतही नाही बसली. म्या म्हटलं, इंदू, जायचं असन तर जा नं वं. तं म्हणे, 'आणाले येनार हायेत माहेरचे.' कोणी आलं नाही. तिच्या साहेबाच्या शिफ्टमधल्या एकानं पाहिलं आणि त्याले सांगितलं. आता हात प्लास्टरमध्ये हाय. सगळ्या कॉलनीले सांगून राहिले, मोरीत पाय घसरला."

मी काय बोलले ते मला आठवत नाही. वहीत मी लिहिलं आहे: 'पंचविसावा फोन. कोराडी. आवाज पूर्ण.'

हात कोणता, ताई? उजवा असेल तर तू लिहू शकत नसशील. उजवा असावा असं मला वाटतं, आणि तसं वाटल्याची लाज वाटते.

बाबांना अजून विचारलेलं नाही. विचारणार आहे.

पुष्पा


नंदनवन, नागपूर
बुधवार, १२ मार्च १९८६

ताई,

आज इकडची खुशाली लिहीत नाही.

रविवारी दुपारी वर गेले. बाबा लोडाला टेकून बसले होते. फोन उशाशी, त्यावर आईने विणलेला रुमाल. मी दाराशीच उभी राहून विचारलं, "बाबा, ताईचा फोन आला की तुम्ही वर उचलता."

मला वाटलं होतं, नाही म्हणतील. मी वही घेऊन गेले होते.

"उचलतो," बाबा म्हणाले.

"काहून?"

"माही लेक हाय ते. मागच्या राखीले आली तं त्याच पावली परत धाडली म्या. तोंड कसं दाखवू तिले? आवाज तं आयकू दे."

राखीला तू एकटी बसने आली होतीस. मी कॉलेजात होते, परत आले तेव्हा तू निघूनही गेली होतीस. आईने सांगितलं होतं, बाबा म्हणाले, लेक एकटी येत नसते, माहेरचा माणूस आणाले गेला तरच येते, नाहीतर लोक म्हणतात टाकली. तो नियम तू पाळलास. एकटी बसमध्ये बसली असतीस तर पाऊण तासात इथे होतीस. पण तू आणणाऱ्या माणसासाठी चार बस सोडल्यास.

मी विचारलं, "म्हणजे भाऊजी मारतात तिला, हे तुम्हांला माहीत होतं."

"दिवाळीपासून."

"आणि मंगळवारचं? स्टॉपवर येते म्हणाली ते?"

"आयकलं."

"मग दादाला का नाही पाठवलं?"

बाबांनी फोनवरचा रुमाल सारखा केला. "भंडाऱ्याची चिठ्ठी आली होती नं त्याच आठवड्यात. एक लेक परत आली म्हटल्यावर दुसरीले कोण नेते? तुहं होऊन जाऊ दे, पोरी. मंग म्या सोता जातो तिले आणाले. जिना गेला चुलीत."

"तोवर?"

मला राग आला होता, ताई. असा राग मला कधी येत नाही. मी म्हटलं, तुमच्यामुळे आवाज अर्धा झाला. तुम्ही वर उचलला नसता तर मला ऐकू आलं असतं. मी दादाला सांगितलं असतं. लाइन बरोबर होती, तुम्ही बिघडवली.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. मग रागाने नाही, अगदी हळू म्हणाले,

"अर्ध्या आवाजात मले आयकू आलं, साठीच्या माणसाले. तुह्या कानालेच होता नं फोन. तुले काहून नाही आलं?"

मी वही घेऊन खाली आले.

आई जिन्याखाली भिंतीकडे तोंड करून पडली होती. रोज दुपारी झोपते ती तशीच. पण डोळे उघडे होते. मला वाटतं, ती कुठल्याच दुपारी झोपलेली नसते.

तीन दिवस मी हे पत्र लिहायला बसते आणि उठते. आता लिहिते.

मला ऐकू आलं होतं.

आठ फेब्रुवारी, शनिवार, दुपारी दीडच्या सुमारास. तू म्हणालीस, "पुष्पे, आता सहन नाही होऊन राहिलं. मंगळवारी हे रात्रपाळी करून झोपले राहतात. मी दहाले स्टॉपवर येऊन उभी राहीन. दादाले पाठव. बाबांले नको सांगू, दादालेच सांग. कोणी एक माणूस दिसला पाहिजे मले." आवाज बारीक होता, पण शब्द सगळे होते. एकही गळला नव्हता.

त्या दिवशी सकाळच्या टपालाने मनोहररावांचं पत्र आलं होतं. मुलाने खाली लिहिलं होतं, 'चि. पुष्पलता यांचं अक्षर फार वळणदार आहे, असं आईने सांगितलं.' ते अक्षर तू वळवलंस. ती ओळ मी चार वेळा वाचली होती. तू बोलत होतीस तेव्हा ते पत्र माझ्या मांडीवर होतं. माझ्या मनात एवढंच आलं, होळीपर्यंत. फक्त होळीपर्यंत. तोंडातून आलं, "ताई, ऐकू येत नाही."

तू सगळं पुन्हा सांगितलंस. मोठ्याने. त्या घरात मोठ्याने बोलणं तुला काय पडत असेल, ते मला माहीत होतं. मी पुन्हा म्हटलं, ऐकू येत नाही. तिसऱ्यांदा तू फक्त 'मंगळवार' म्हणालीस, आणि मी तेच म्हटलं.

मग तू "बरं" म्हणालीस आणि फोन ठेवलास.

पहिल्या पत्रात मी ते 'बरं' लिहिलं नाही. ते सगळ्यांत स्वच्छ ऐकू आलं होतं.

त्यानंतर मी दोरी बदलली, धूळ काढली, लाइनमन बोलावला, वही घातली. मला बिघाड हवा होता, ताई. तो सापडलाही, आणि खराच सापडला, आणि तो बाबांचा निघाला, तेव्हा गुरुवारी तुझ्या हाताची बातमी ऐकूनसुद्धा मला एक क्षणभर हलकं वाटलं. हे कोणाला सांगण्यासारखं नाही. तुला सांगते, कारण तुझा हात आहे तो.

मंगळवारी तू उभी होतीस तेव्हा मी काय करत होते, तेही लिहिते. आईबरोबर सीताबर्डीला गेले होते, साखरपुड्याचं लुगडं पाहायला. बारा वाजता दुकानातल्या घड्याळाकडे पाहिलं आणि मनात म्हटलं, गेली असेल आता घरी परत.

चुकलेलं कधी पुसायचं नाही, आडवी काट मारायची, म्हणजे चूक खाली दिसत राहते, हे तू मला पाटी सुटून वही हातात आली त्या दिवशी सांगितलंस. पहिलं पत्र तुझ्याकडे असेल तर त्यातल्या 'पण मला ऐकू आलं नाही' या वाक्यावर काट मार. शेवटच्या ओळीवरही. डाव्या हाताने जमेल. फाडू मात्र नको.

भंडाऱ्याला मी काल वेगळं पत्र टाकलं. थोरली मजेत नाही, आणि ती परत येणार आहे, एवढंच लिहिलं. बाबांना सांगितलं. त्यांनी भिंतीकडे तोंड फिरवलं. आज सकाळी मी चहा नेला तेव्हा त्यांनी फोन उशापासून काढून माझ्या हातात दिला, तारेसकट. "घेऊन जा हे खाली," म्हणाले. मी घेतला नाही. तो त्यांनी स्वतः वापरायचा आहे, तुला फोन करायला. अजून केलेला नाही.

दादाला सांगितलं. तो आधी माझ्यावर ओरडला, मग जिन्यावर बसून राहिला, मग म्हणाला, तीस तारखेपर्यंत थांबलं असतं तर. मी त्याला येऊ नको म्हटलं. तू दादाला बोलावलं होतंस, पण आता मी येणार.

जिजाबाई म्हणतात, पुढच्या आठवड्यात भाऊजींची पुन्हा रात्रपाळी आहे. येत्या मंगळवारी, अठरा तारखेला, मी कोराडीच्या स्टॉपवर दहाच्या आधी असेन. माहेरचा माणूस पुरुषच पाहिजे असं त्या नियमात कुठे म्हटलेलं नाही, मी आईला विचारलं. ती म्हणाली, "लेकीले आणाले रिकाम्या हातानं नसते जात," आणि उठून डब्यात रवा शोधू लागली. करंज्या करते आहे. रडत करते आहे, पण करते आहे.

इथे आणायचं की नाही, ते बाबा ठरवोत. तोवर चारुशीला, माझ्याबरोबर कॉलेजात होती आणि आता नर्स झाली ती, तिला दवाखान्याच्या आवारात एक खोली आहे. ती म्हणाली, दोघी या, एक खाट आहे, दोघी खाली झोपू. तुझा हातही ती पुन्हा दाखवून घेईल.

तू येशील असं मी धरून चाललेले नाही. तुझ्या जागी मी असते तर मला पाहून वर खिडकी लावून घेतली असती. तरी मी दोन वाजेपर्यंत उभी राहीन, चार बस सोडीन. तू उभी होतीस तेवढाच वेळ. नाही आलीस तर पुढच्या रात्रपाळीला पुन्हा येईन. आणि नाही आलीस, तर तुला पत्र मिळालं नसेल असं मी मनाला सांगणार नाही.

जिला त्या दिवशी सगळं ऐकू आलं होतं ती,
पुष्पा